नवीन टायर टाकलेत, चार दिवसांनी कुंभार्ली घाट उतरायचाय आणि गाडी सरकतेय, काय करू?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय. माझी होंडा युनिकॉर्न बाइक आहे, २०२० ची, पुण्यात धायरीला राहतो. मागचा टायर पार गोटा झाला होता आणि पुढच्याला बाजूने बारीक चिरा पडायला लागल्या होत्या म्हणून काल दोन्ही टायर एकदम नवीन टाकले, साइज कंपनीचीच, पुढे ८०/१००-१८ आणि मागे १००/९०-१८, ट्यूबलेस. दुकानदाराने एवढंच सांगितलं की "दोन दिवस जरा सांभाळून चालवा", म्हणजे नक्की काय ते काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आज सकाळी ऑफिसला जाताना बारीक रिमझिम होती, सिग्नलला थांबायचं होतं, स्पीड तीसच्या आसपास असेल, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मागचा ब्रेक दाबला आणि मागचं चाक सरळ डावीकडे निघून गेलं. पाय टेकवला म्हणून वाचलो, मागे पीएमपीची बस होती. जुन्या गोट्या टायरवर सुद्धा असं कधी झालं नव्हतं हो. दुसरं म्हणजे गाडी वळवताना एकदम पटकन आत पडतेय असं वाटतं, हँडल हलकं लागतं, काहीतरी चुकीचं बसवलंय की काय अशी शंका येतेय.

आता अडचण अशी की गणपतीला चार दिवसांनी गावी जायचंय, चिपळूणच्या अलीकडे. उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली उतरायचा, मागे बायको आणि सामान. चार दिवसांत हे टायर बसतील का, म्हणजे रस्त्याला नीट धरायला लागतील का? एक जण म्हणाला पेट्रोलच्या फडक्याने पुस, दुसरा म्हणाला पॉलिश पेपर मार. हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढेल का? कोणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा.

घाटवळण:

दादा, पहिलं सांगतो, पेट्रोल नको, डिझेल नको, थिनर नको. रबराच्या आतली तेलं असल्या गोष्टींनी ओढून निघतात आणि रबर खराब होतं, वरून तुम्हाला वाटेल साफ झाला. पॉलिश पेपरचीही गरज नाही, हाताने एकसारखं घासलं जात नाही आणि रस्ता तेच काम जास्त चांगलं करतो.

आता जे होतंय ते का होतंय. नवीन टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याची वरची कातडी एकदम गुळगुळीत, चकचकीत असते. डांबराला धरायला टायरचा पृष्ठभाग थोडा खरखरीत झालेला लागतो, तो रस्त्यावर घासूनच होतो. ओल्या रस्त्यावर, त्यातही पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या प्लास्टिकसारख्या रंगावर मुळातच पकड कमी, त्यावर तुमचा चकचकीत टायर, आणि तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, मागे साधा ड्रम, म्हणजे मागचा पाय जोरात पडला की चाक जाम होणारच. तिन्ही गोष्टी एकाच जागी जमल्या. टायर खराब आहे असा याचा अर्थ नाही.

हँडल हलकं लागतं आणि गाडी पटकन आत पडते ते चुकीचं बसवल्यामुळे नाही बहुतेक. जुना टायर हायवेला आणि सरळ रस्त्याला मधून झिजून चपटा झालेला असतो, वळताना त्या चपट्या भागाच्या कडेवरून गाडी लोटावी लागायची, तुमच्या हाताला हजारो किलोमीटर त्याचीच सवय. नवीन टायर गोल आहे, तो लगेच कलतो. शिवाय नवीन टायरची नक्षी पूर्ण खोल असते, रबराचे ते ठोकळे उंच असतात म्हणून थोडे लवचिक लागतात, गाडी किंचित डुलल्यासारखी वाटते. शंभर-दीडशे किमीत हे सगळं अंगवळणी पडतं. आपण सगळे टायर बसला टायर बसला म्हणतो पण त्यात अर्धं बसणं चालवणाऱ्याचं असतं हे कोणी बोलत नाही.

बहुतेक टायर कंपन्या पहिले १०० ते २०० किमी सांभाळून चालवा असंच सांगतात. आता महत्त्वाचं बोलतो, इथेच लोक फसतात. हे किलोमीटर *कसे* झाले ते बघायचं. तुम्ही धायरीतून निघून साताऱ्यापर्यंत हायवेने सरळ गेलात, पुढे उंब्रज, पाटण, तोपर्यंत दीडशेच्या वर किमी झाले, तुम्हाला वाटणार झालं, टायर बसला. पण बसला फक्त मधला तीन बोटांचा पट्टा! कडा कोऱ्याच्या कोऱ्या. आणि कोयनानगर सोडून पुढे घाट सुरू झाला की पहिल्या वळणाला गाडी कलणार ती त्या कोऱ्या कडेवर, तेही पावसात, शेवाळलेल्या कडेच्या रस्त्यावर, मागे माणूस बसवून. म्हणून गावाला जायच्या आधी वळणं व्हायला पाहिजेत.

टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, ते बघत राहा. त्यांचा पकडीशी काही संबंध नाही, पण टायर कुठपर्यंत जमिनीला लागलाय ते त्यावरून दिसतं. मधले केस गेलेत आणि बाजूचे उभे आहेत म्हणजे तेवढ्यावरच चाललाय. केसांपेक्षा रबराचा रंग बघितलात तर अजून चांगलं, चकाकी जाऊन मंद काळा झाला की तो भाग तयार.

उद्या-परवा पाऊस थांबून रस्ता सुकला की सकाळी लवकर जुन्या कात्रज घाटात जा, ट्रॅफिक कमी असताना. एकटे. दोनचार फेऱ्या मारा, पहिली फेरी गाडी जवळजवळ उभी ठेवून, प्रत्येक फेरीला थोडा थोडा कल वाढवा. एकदम झोपवायची नाही, टायर आज जिथपर्यंत घासलाय त्याच्या बोटभर पुढेच जायचं. ब्रेक आणि रेस दोन्ही हळूहळू वाढवत, गाडी सरळ असतानाच. आणि ते रेसवाल्यांसारखं नागमोडी हँडल हलवून टायर गरम करायचा प्रकार करू नका, रस्त्यावर त्याने टायर काही गरम होत नाही, मागून येणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो.

टायरमिस्त्री_कऱ्हाड:

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त दुकानाच्या बाजूने सांगतो. कऱ्हाडला आमचं टायरचं काम आहे, वडिलांपासून.

टायर रिमवर चढवताना बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडक कडेला, साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावतो आम्ही, नाहीतर बीड फाटतं. हे पाणी आत रिम आणि बीडच्या मध्ये एक दिवस तरी ओलं राहतं. त्या दिवशी जोरात रेस दिली किंवा कचकन ब्रेक मारला तर टायर रिमवरच फिरतो. ट्यूबलेसला एवढं जाणवत नाही, बॅलन्स बिघडतो फार तर, पण बुलेटसारख्या ट्यूबच्या गाडीला ट्यूब टायरबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो, मग एक दिवस मुळातून फाटतो आणि हवा एका झटक्यात जाते. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाइकाला सांगतो, रिमवर आणि टायरवर सलग एक खडूची रेघ मारा. दोन दिवसांनी बघा, रेघ जुळतेय तर टायर फिरला नाही. फुकटचं काम आहे.

आता तुम्ही घरीच तपासा, पाच मिनिटं लागतील:

टायरच्या बाजूला बाण असतो, चाक पुढे जातं त्या दिशेला पाहिजे. गडबडीत उलटा बसलेला मी पाहिलाय, तोही पुढचा, आणि पाणी कापायची नक्षी उलटी झाली की पावसात त्याचा त्रास होतो. रिमच्या कडेला टायरवर गोल एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर पाहिजे, एका ठिकाणी आत गेली असेल तर बीड नीट बसलं नाही, चाक उड्या मारेल. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी असावा, ती टायरची हलकी बाजू असते. आणि टायरच्या बाजूवरचा तारखेचा चार आकडी नंबर वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे १४२५ असेल तर २०२५ चा चौदावा आठवडा. नवीन म्हणून विकलेला टायर किती दिवस दुकानात पडून होता ते त्यात कळतं.

मागचं चाक काढलं होतं म्हणजे चेन ढिली करून परत ताणली असणार. चेन ताणायच्या जागी चाकाच्या दोन्ही बाजूला खुणा असतात, त्या सारख्या आहेत का बघा, एक पुढे एक मागे असेल तर चाक तिरकं चालतं आणि तुम्ही टायरला दोष देत बसाल. मागच्या ब्रेकचा रॉड परत लावताना जास्त आवळला गेला असेल तर पाय टेकवताच चाक जाम होतं, तुमचं जे सिग्नलला झालं त्यात हे पण असू शकतं, गाडी डबल स्टँडला लावून चाक हाताने मोकळं फिरतंय का बघा. एक्सलचा नट पक्का आहे ना, ते तर आधी.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, पुढचं डिस्कचं चाक काढून परत बसवलं की ब्रेकचे पॅड मागे ढकललेले असतात, पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती पोकळ जाते, ब्रेकच लागत नाही. दुकानातून निघायच्या आधी उभ्या गाडीवर चार-पाच वेळा लिव्हर दाबून कडक झाली का बघायची. आम्ही स्वतः दाबून देतो पण प्रत्येक ठिकाणी देतीलच असं नाही. दुकानासमोर रस्त्यावर उतरताना माणूस आपटलेला बघितलाय मी.

हवा कमी करू नका. कमी हवेने टायर दबतो, पावसात पाणी बाहेर फेकायच्या चिरा मिटतात, वळणाला गाडी लोळते आणि खड्ड्यात रिम वाकते. गाडीवर स्टीकर आहे त्यावर एकट्याची आणि डबलसीटची हवा वेगळी लिहिलेली असते, तीच भरायची, आणि थंड टायरवर. पंपावर दहा किमी चालवून गेलात तर आकडा वाढलेला दिसतो.

शर्वरी_एस:

मला हे वाचून माझा दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला म्हणून लिहितेय. माझ्या स्कूटरचे टायर बदलले तेव्हा दुकानातल्या मुलाने चांगल्या मनाने गाडी पुसून दिली आणि टायरला ते काळं चमकणारं पॉलिश मारलं, बाजूलाच नाही तर नक्षीवर सुद्धा. मला काय कळणार, गाडी छान दिसतेय एवढंच वाटलं. पाचशे मीटरवर कॉर्नरला वळताना पुढचं चाक गेलं. स्पीड काहीच नव्हता, कोरडा रस्ता होता, तरी गेले. गुडघा फुटला आणि डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. मुलीला शाळेत सोडून परत येत होते, दहा मिनिटं आधी ती मागे बसलेली असती तर काय झालं असतं हा विचार अजूनही रात्री येतो.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही हात फिरवून बघा टायरच्या मधल्या भागावर. बोटाला तेलकट लागलं किंवा पांढऱ्या फडक्याला काळं चिकट आलं तर पॉलिश आहे. साध्या भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा, सुकू द्या, मगच चालवा. धुताना डिस्कला हात लागू देऊ नका, आणि डिस्कवर पॉलिश उडालंय का ते पण बघा. आता मी कुठेही गाडी दिली की आधीच सांगते, टायरला काहीही लावायचं नाही.

स्कूटरवाल्यांना पण हे सगळं लागू आहे, उलट आमची चाकं लहान असतात त्यामुळे खड्डा आणि पट्टी जास्तच लागते. "स्कूटर काय, कुठे एवढी पळवायची" असं म्हणून कोणी सांगतच नाही आम्हाला.

रबरकाम:

मी बरीच वर्षं टायरच्या कारखान्यात होतो, क्युरिंगला, म्हणजे कच्चा टायर साच्यात तापवून पक्का करतात तिथे. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की साच्याला तेल लावतात म्हणून नवीन टायर घसरतो. हे अर्धंच खरं आहे. आता बऱ्याच ठिकाणी साच्यांना आतून न चिकटणारा थर दिलेला असतो, बाहेरून फवारा फार कमी मारतात किंवा मारतच नाहीत. फवारा मारतात तो मुख्यतः कच्च्या टायरच्या आतल्या बाजूला, कारण आत रबरी फुगा जातो, तो वाफेने किंवा गरम पाण्याने फुगतो आणि टायरला साच्यावर दाबतो, तो चिकटू नये म्हणून. ती बाजू रस्त्याला लागतच नाही.

पण म्हणून "आता तेल नसतं, पहिल्या दिवसापासून झोपवा गाडी" असं जे काही जण सांगतात ते चूक आहे. घाटवळण यांनी सांगितलेली गुळगुळीत कातडी हेच खरं कारण, साचा जेवढा घोटीव तेवढा टायर घोटीव. दुसरं, रबरात मेण मिसळलेलं असतं, हवेतल्या ओझोनने चिरा पडू नयेत म्हणून, आणि ते हळूहळू वर येतं. ते बाहेर यावं म्हणूनच घातलेलं असतं, त्यामुळे गोदामात पडलेल्या टायरवर कधीकधी तपकिरी-पांढुरकी झाक दिसते. चालवल्यावर नक्षीवरची जाते. बाजूची राहू द्यावी, ती टायरला वाचवते, घासून काढायची हौस करू नये.

आणि बांधणीसुद्धा बसते. आतले दोऱ्यांचे थर, बीड, रिम हे सगळं वजनाखाली, गरम-थंड होत एकमेकांत जुळतं. त्यामुळे शंभरेक किमी झाल्यावर हवा परत तपासा, थोडी उतरलेली असू शकते.

मावळा_एफझी:

मधेच विचारतो, माझी यामाहाची एफझी आहे, मागे रेडियल (आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे) १४०/६० आणि पुढे साधा (दोरे तिरके). मित्र म्हणतो रेडियल आणि साधा एकत्र चालत नाही, दोन्ही बदल. खरंय का? आणि मी फक्त मागचाच बदलणार आहे, चालेल ना?

टायरमिस्त्री_कऱ्हाड:

तुमच्या गाडीला कंपनीनेच तसं दिलंय, पुढे साधा मागे रेडियल, त्या हिशोबाने गाडी बनवलीय. तसंच ठेवा. आपल्या मनाने उलटसुलट करायचं नाही एवढंच. फक्त मागचा बदललात तरी सांभाळायचं तेवढंच, मागचा गोल आणि पुढचा झिजलेला, चार दिवस गाडी वेगळी वळेल. पण पुढच्याची नक्षी पण बघा, नक्षीच्या चिरांच्या आत बारीक उंचवटे असतात त्याच्या बरोबरीला रबर आलं की टायर संपला. दुचाकीला नियमाने किमान ०.८ मिलिमीटर नक्षी लागते, पण कोकणात पावसाळ्यात फिरणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये असं माझं मत.

वाशिष्ठीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी येऊन एकेक बघितलं. बाण बरोबर, रेघ बरोबर, नंबर याच वर्षीचा. पॉलिश नाहीये. पण मिस्त्री, तुमचं बरोबर निघालं, मागचं चाक डबल स्टँडवर अर्धा फेरा पण मोकळं फिरत नव्हतं, ब्रेकचा रॉड खूप आवळलेला होता! कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून ढिला करून घेतला, पायाला आता व्यवस्थित खेळ आहे. खडूची रेघ पण मारलीय. परवा सकाळी उघडीप दिसतेय, कात्रजला जाऊन येतो.

एकच राहिलं, बायकोला घेऊन जाऊ का नको? ती म्हणते मी हळू चालवायला सांगेन, पण मला धाकधूक आहे.

घाटवळण:

खरं सांगू का, या वेळी नका नेऊ मागे. दोन माणसं आणि सामान झालं की गाडी थांबायला जास्त जागा लागते, मागच्या टायरवर भार वाढतो, आणि तुमच्याच हाताला अजून टायरचा अंदाज आलेला नाही. वहिनींना स्वारगेटवरून एसटीने पाठवा, गणपतीला जादा गाड्या असतात, सामानही तिकडेच द्या. तुम्ही एकटे या मागून. उतरताना घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनच्या ब्रेकने उतरा, वळणात शिरायच्या आधीच स्पीड कमी करून घ्या म्हणजे कललेल्या गाडीवर ब्रेक मारायची वेळ येणार नाही. कललेल्या गाडीत पुढचा साधा एबीएस तुम्हाला वाचवेल असं धरून चालू नका. पांढऱ्या पट्ट्या, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, शेण, लाल चिखल, यांच्यावरून गाडी सरळ ठेवून जायचं, ना ब्रेक ना रेस.

शर्वरी_एस:

+१. एसटीच. वहिनींना माझा प्रसंग वाचायला द्या.

वाशिष्ठीकाठ:

मंडळी, गावाहून लिहितोय, काल आरती झाल्यावर वेळ मिळाला. नीट पोचलो.

त्या दिवशी कात्रजला सकाळी साडेसहाला गेलो, रस्ता सुकलेला होता, पाच फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत मलाच भीती वाटत होती, अंग आखडलेलं, तिसऱ्या फेरीपासून गाडी जिथे बघेन तिथे जायला लागली. परत येऊन बघितलं तर चकाकी दोन्ही बाजूला जवळजवळ कडेपर्यंत गेली होती, शेवटचे दीड बोट केस राहिलेत आणि ते राहू देत, तेवढं झोपवायची मला गरजच नाही. घरी आलो तोपर्यंत दोन दिवसांचे मिळून ८० किमी झाले होते. खडूची रेघ जागच्या जागी होती. हवा मागच्या टायरची दोन पॉइंट उतरली होती, भरून घेतली.

बायको आणि सामान एसटीने. मी एकटा निघालो, साताऱ्यापर्यंत पावसाचा थेंब नाही, पाटणच्या पुढे धो धो. कुंभार्लीत धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच दिसत होता, त्याच्या मागे मागे अंतर ठेवून उतरलो. एका वळणावर वरून माती वाहून रस्त्यावर आली होती, तिथे गाडी सरळ ठेवली, काही केलं नाही, चाक किंचित हललं आणि परत धरलं. त्या सिग्नलच्या दिवशीचा मी असतो तर तिथे नक्की मागचा पाय दाबला असता.

चिपळूण स्टँडवर बायको माझ्या आधी पंधरा मिनिटं पोचली होती. शर्वरीताई, तिने तुमचं वाचलं, मनगट आता पूर्ण बरं आहे का विचारलंय तिने.

मिस्त्री, परतीला उंब्रजऐवजी कऱ्हाडवरूनच येतो, एकदा तुमच्या हाताने चेन आणि रॉड बघून घ्या. डबलसीट यायचंय.

टायरमिस्त्री_कऱ्हाड:

या की. दुपारी एक ते तीन जेवायला बंद असतं, त्याच्या आधी या. वहिनींना पण घेऊन या, चहा घेऊन जावा.

शर्वरी_एस:

बरं आहे म्हणावं, पावसाळ्यात थोडं ठणकतं फक्त. गणपती बाप्पा मोरया.